आपत्काळासाठी घरगुती जलसंचय आणि ‘व्युषित’ जलाचा प्रश्न

वर्षा ऋतू जवळ आला की टेंभी नाक्याच्या परिसरातील आमच्या चिकित्सालयात एक प्रश्न हमखास विचारला जातो. ‘वैद्यराज, उकळलेले पाणी रात्रभर ठेवून सकाळी प्यायले तर चालेल का?’ आपण सर्वजण शास्त्राला स्मरून ‘नाही’ असे उत्तर देतो आणि ते उत्तर योग्यच आहे. अडचण निराळीच आहे. रुग्ण त्या उत्तराचा अर्थ ‘शिळे पाणी वाईट, म्हणून पाणी साठवूच नये’ असा करून घेतो आणि घरातील भरलेले पिंप रोज सकाळी मोरीत ओतून देतो. मग एखाद्या दिवशी नळ कोरडा पडतो, वीज जाते, खाली रस्त्यावर गुडघाभर गढूळ पाणी उभे राहते, आणि घरात पिण्यासाठी एक तांब्याही उरलेला नसतो. आपल्या उपदेशाचा असा विपर्यास होऊ नये, यासाठी संहिताकारांना नेमके काय अभिप्रेत आहे आणि आजच्या परिस्थितीत घरी पाणी किती व कसे राखावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

प्रथम आपल्या परिसराची स्थिती पाहू. ठाणे शहरास महानगरपालिकेची स्वतःची योजना, शहाड-टेमघर येथील ‘स्टेम’, औद्योगिक विकास महामंडळ आणि मुंबई महानगरपालिका अशा चार मार्गांनी पाणी मिळते. कल्याण-डोंबिवलीचा मुख्य आधार उल्हास नदी. कागदावर ही व्यवस्था भक्कम दिसते, पण हे सर्व पाणी पंपांनी उचलून, लांबवरच्या जलवाहिन्यांतून आणावे लागते. वीज खंडित झाली, वाहिनी फुटली किंवा नदीकाठच्या उदंचन केंद्रात पुराचे पाणी शिरले, की पुरवठा थांबतो. त्यात आपल्या इमारतींची रचना अशी की नगरपालिकेचे पाणी आधी भूमिगत टाकीत पडते व तेथून पंपाने गच्चीवर चढते. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबई, ठाणे व नवी मुंबईची वीज एकाच वेळी गेली, तेव्हा धरणे भरलेली असूनही उंच इमारतींतील नळांची काय अवस्था झाली असेल हे निराळे सांगावयास नको. पूर आला तर स्थिती याहून वाईट. भूमिगत टाकीच्या झाकणावरून रस्त्यावरचे पाणी आत जाते, आणि पंप सुरू होताच तेच पाणी प्रत्येक घरातील नळापर्यंत पोहोचते.

२६ जुलै २००५ चा दिवस कोणीही विसरलेले नाही. सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. बदलापूर, उल्हासनगर, कल्याण या पट्ट्यात उल्हास व वालधुनी यांचे पाणी वस्त्यांत शिरले. पुढे २०१९ व २०२१ च्या जुलैमध्येही उल्हासने काठ सोडला. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापुरात तर चहूकडे पाणीच पाणी आणि नळास मात्र थेंब नाही, अशी अवस्था कित्येक दिवस होती, कारण पाणी उपसणारी केंद्रेच पंचगंगेच्या पुरात बुडाली होती.

अशा वेळी जे पाणी मिळेल ते लोक पितात, आणि त्याचे परिणाम आपल्या चिकित्सालयात दोन हप्त्यांनी येतात. अतिसार व छर्दीचे रुग्ण दोन-तीन दिवसांतच दिसू लागतात, त्यांचा पाण्याशी असलेला संबंध कोणासही कळतो. कामलेचे तसे नाही. दूषित जलातून पसरणाऱ्या ‘ई’ प्रकारच्या यकृतशोथाचा संचयकाळ दोन ते आठ, बहुधा पाच-सहा आठवड्यांचा असतो. म्हणजे २००५ साली २६ जुलैच्या रात्री ज्याने दूषित पाणी प्यायले, त्याचे डोळे पिवळे होण्याचा काळ त्या वर्षीच्या गणेश चतुर्थीच्या, म्हणजे ७ सप्टेंबरच्या आसपास येतो. तोपर्यंत पूर ओसरलेला, टाक्या धुतलेल्या. रुग्ण ‘बाहेरचे खाल्ले’ असे सांगतो आणि आपणही ते लिहून घेतो. आपल्याकडे कामलेचा रुग्ण अद्यापही पुष्कळदा प्रथम वैद्याकडेच येतो, म्हणून हा मुद्दा आपण विशेष ध्यानात ठेवावा. हाच व्याधी गर्भिणीस शेवटच्या तीन महिन्यांत झाल्यास मृत्यूचे प्रमाण शेकडा वीस ते पंचवीसपर्यंत जाते. ज्या घरात गर्भिणी आहे, त्या घरातील पाण्याची चौकशी ही तिच्या मासानुमासिक परिचर्येचाच भाग समजली पाहिजे.

आता शास्त्राकडे वळू. वाग्भटाचार्यांनी अष्टांगहृदयाच्या सूत्रस्थानातील पाचव्या अध्यायात उकळून थंड केलेले जल लघु व अनभिष्यंदी म्हटले आहे आणि तेच जल व्युषित, म्हणजे रात्र उलटलेले, असता त्रिदोषकर होते असे सांगितले आहे. सुश्रुताचार्यांनी सूत्रस्थानाच्या ४५ व्या अध्यायात पर्युषित जल देऊ नये, ते अम्लत्व पावते व कफाचा उत्क्लेश करते, असा निर्देश केला आहे. हा निर्देश कोठे येतो ते पाहावे: क्वथित जलाचे गुण सांगून होताच, लगोलग. तेव्हा दोन्ही ठिकाणी निषेध आहे तो अग्निसंस्कार झालेल्या व नंतर तसेच राहून गेलेल्या जलाचा, जलसंचयाचा नव्हे.

जलसंचयाचा निषेध असता तर त्याच अध्यायात सुश्रुतांनी पाणी ठेवण्याची साधने सांगितलीच नसती. फलक, त्र्यष्टक, मुंजवलय, उदकमंचिका व शिक्य अशी पाच निक्षेपणे त्यांनी दिली आहेत. म्हणजे भांडे जमिनीवर टेकू नये, यासाठी तिवई, चुंबळ, मांडणी, शिंके असा सर्व जामानिमा. आंतरिक्ष जल विधिपूर्वक गोळा करून सुवर्ण, रजत किंवा मातीच्या पात्रात ठेवावे व ते सर्व काळ वापरावे, असेही ते सांगतात. सर्व काळ वापरावयाचे पाणी साठविल्यावाचून कसे राहील?

टेंभी नाक्यावर ‘कोकण शत्रुंजय’ म्हणून ओळखले जाणारे श्री मुनिसुव्रत स्वामींचे जैन मंदिर आहे आणि भोवताली व्रतस्थ जैन कुटुंबे पुष्कळ आहेत. त्यांच्या आचारात उकळलेल्या पाण्यास काळाची मर्यादा असते: पावसाळ्यात तीन प्रहर, हिवाळ्यात चार आणि उन्हाळ्यात पाच. त्यामागील भूमिका अहिंसेची आहे, वैद्यकाची नव्हे, तथापि पावसाळ्यात मुदत सर्वांत कमी ठेवण्यातील निरीक्षण वैद्यालाही पटेल असे आहे. नगरपालिकेच्या पाण्यात क्लोरीनचा थोडा अंश शिल्लक असतो व तोच त्याचे पुढे रक्षण करतो. उकळल्यावर हा अंश उडून जातो. असे पाणी त्या क्षणी निर्जंतुक असते खरे, परंतु नंतर एखादा हात, एखादे ओगराळे, एखादे न धुतलेले फुलपात्र त्यात बुडाले की वाढणाऱ्या जंतूंना अटकाव करणारे त्यात काहीही उरलेले नसते. व्युषित क्वथित जल टाळण्याचा उपदेश आणि आधुनिक जलशास्त्र यांत येथे विरोध नाही.

यावरून व्यवहाराचा नियम सरळ निघतो. साठवावयाचे ते न उकळलेले, क्लोरीनयुक्त पाणी, झाकून. आणि उकळावयाचे ते त्या दिवशी प्यावयाचे तेवढेच. सकाळी उकळलेले रात्रीपर्यंत संपवावे, उरलेले भांड्यांना अथवा झाडांना घालावे. हे दोन्ही टप्पे का हवेत, एकाने का भागत नाही, याचे उत्तर दिल्लीच्या अनुभवात आहे. १९५५ च्या पावसाळ्यानंतर यमुनेचा प्रवाह बदलून सांडपाणी पाणी उचलण्याच्या जागेपर्यंत आले. अधिकाऱ्यांनी क्लोरीनची मात्रा वाढविली, त्यामुळे आंत्रज्वराची साथ उसळली नाही. परंतु डिसेंबर १९५५ व जानेवारी १९५६ मध्ये सुमारे २९ हजार लोकांना कामला झाली. पुढे जतन करून ठेवलेल्या रक्तनमुन्यांच्या तपासणीवरून ती ‘ए’ वा ‘बी’ प्रकारची नव्हती हे ठरले आणि ‘ई’ प्रकारची म्हणून ती आज ओळखली जाते. गढूळ पाण्यातील विषाणूला क्लोरीन पुरेसे पडत नाही, अग्नी पुरतो. पाण्यास खळखळून उकळी आल्यावर आपल्याकडे एक मिनिट पुरे. आपत्काळात गॅसही जपून वापरावा लागतो, तेव्हा वीस मिनिटे उकळत ठेवण्याचा आग्रह रुग्णाकडे धरू नये. चतुर्थांश आटविलेले जल हे औषध म्हणून योजावयाचे, घरादारासाठी नव्हे.

किती पाणी ठेवावे? पिणे, स्वयंपाक आणि हात-तोंड धुणे यांसाठी माणशी दिवसाला चार लिटर धरावे. तीन दिवसांचा साठा हा किमान. चार माणसांच्या कुटुंबास ४८ लिटर, म्हणजे वीस लिटरचे दोन जार आणि एक कळशी. उल्हास, काळू वा वालधुनीच्या काठी राहणाऱ्यांनी पाच दिवसांचा हिशेब करावा. स्नान, कपडे व शौचालय यांचे पाणी यात नाही. ते निराळ्या पिंपात राहू द्यावे.

या हिशेबात रुग्णाचे पाणी बहुधा धरलेलेच नसते. घरात ज्वराचा रुग्ण असेल आणि आपण षडंगोदक लिहून दिले, तर ते निम्मे आटवून सिद्ध होते. रुग्णाच्या पोटात एक लिटर जावयाचे तर चुलीवर दोन लिटर चढवावे लागतात. अतिसारात क्षारसंजीवनीचे प्रत्येक मोठे पाकीट एक लिटर शुद्ध पाणी मागते आणि प्रौढ रुग्णास दिवसाला अशी दोन-तीन पाकिटे सहज लागतात. स्तनदा मातेची तहान निराळी. म्हणून रुग्ण, बालक अथवा वृद्ध असलेल्या घरी वर दिलेल्या प्रमाणावर आणखी दहा-बारा लिटर सुचवावे, असे माझे मत आहे.

पात्राविषयी. झाकणाचे स्टेनलेस स्टीलचे पिंप, तोटी असलेले सर्वांत उत्तम. त्याखालोखाल पिण्याच्या पाण्यासाठीच बनविलेले प्लास्टिकचे जार व कॅन. औद्योगिक वसाहतींतून भंगारात येणारी निळी पिंपे स्वस्त मिळतात, परंतु त्यांत पूर्वी काय होते हे विकणारालाही ठाऊक नसते. कितीही धुतली तरी ती पिण्याच्या पाण्यास वर्ज्य. अरुंद तोंडाचे किंवा तोटीचे भांडे का, तर त्यात हात जात नाही. रुंद तोंडाचेच असेल तर लांब दांड्याचे ओगराळे निराळे टांगून ठेवावे. वीस लिटरचा जार वीस किलोचा होतो, तो एकटी वृद्ध स्त्री कलता करू शकत नाही. अशा घरी पाच-पाच लिटरचे कॅन बरे. तळमजल्यावर राहणाऱ्यांनी साठा ओट्यावर अथवा भक्कम मांडणीवर, पुराच्या मागच्या खुणेच्या वर ठेवावा. सुश्रुतांचे फलक व मंचिका येथे शब्दशः उपयोगी पडतात.

पात्र साबणाने घासून, खळबळून धुवावे आणि नळाचे ताजे, स्वच्छ पाणी काठोकाठ भरावे. पाणी गच्चीवरच्या टाकीतून येत असेल, टाकी कधी धुतली याची शंका असेल किंवा पाणी टँकरचे, विहिरीचे असेल, तर मेडिक्लोर, जीवन ड्रॉप यांसारखे पिण्याच्या पाण्यासाठीचे क्लोरीनद्रव वेष्टनावरील प्रमाणात घालून अर्धा तास थांबावे. फरशी पुसण्याचे सुगंधी द्रव कदापि नको. सोसायटीच्या टाकीसाठी टीसीएल पावडरीचे नेहमीचे प्रमाण एक हजार लिटरला पाच ग्रॅम हे आहे, आणि पावडर नवी असेल तरच ते खरे. पाश्चात्त्य देशांत घरी भरलेले पाणी सहा महिन्यांनी बदलावे असे सांगतात. आपल्या उष्ण व दमट हवेत क्लोरीन लवकर उडतो, तेव्हा महिन्याने बदलणे मला अधिक योग्य वाटते. तारीख लोकांच्या लक्षात राहत नाही, संकष्टी राहते. दर संकष्टीस जुने पाणी वापरून टाकून नवे भरावयास सांगितले की काम होते.

आरओ यंत्राचे पाणी मात्र साठवू नये. त्या यंत्रातील कोळशाची गाळणी क्लोरीन काढून टाकते, त्यामुळे ते पाणी उकळलेल्या पाण्याइतकेच निराधार असते. शिवाय वीज गेली की यंत्रही बंद. जार विकत घेणाऱ्यांनीही निश्चिंत राहू नये. जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात गुइलेन-बारे आजाराचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळले, तेव्हा विहिरीच्या पाण्याबरोबरच खासगी आरओ प्रकल्पांचे पाणीही तपासले गेले व त्यांतील काहींचे पिण्यास अयोग्य ठरले.

महापालिकेच्या दुरुस्तीनंतर ‘पुढील एक-दोन दिवस पाणी कमी दाबाने येईल’ अशी सूचना आपण नेहमी वाचतो. तिचा आरोग्यार्थ असा: वाहिनी रिकामी झाली की तिच्यात पोकळी निर्माण होते आणि जेथे जेथे गळती आहे तेथून बाहेरचे, प्रसंगी गटाराचे पाणी आत ओढले जाते. म्हणून पाणी पुन्हा आल्यावर पहिले गढूळ पाणी जाऊ द्यावे, ते साठ्यात घेऊ नये, आणि दोन दिवस पिण्याचे पाणी उकळण्यात कसूर करू नये.

आपल्या शास्त्रातील प्रसादनद्रव्यांचे स्थान कोणते, हा प्रश्न वैद्यवर्गाच्या जिव्हाळ्याचा आहे. कतक, गोमेदक, बिसग्रंथी, शैवालमूल, वस्त्र, मुक्ता व मणी अशी सात प्रसादने सुश्रुतांनी कलुष, म्हणजे गढूळ, जलासाठी सांगितली आहेत. व्यापन्न, म्हणजे दूषित, जलासाठी मात्र अग्निक्वथन, सूर्यातपात तापविणे आणि तप्त लोहपिंड अथवा वाळू विझविणे हे उपाय निराळे दिले आहेत. हा भेद आपण व्यवहारात पुसून टाकतो. निवळीचे बी उगाळून घातले, तुरटी फिरविली, की पाणी नितळ होते. निर्विष होत नाही. परंतु ते नितळ झाल्यावर क्लोरीन नीट काम करते, कारण गाळाच्या कणाआड जंतूंना आश्रय मिळत नाही. तेव्हा आधी निवळी, मग क्लोरीन, असा क्रम धरावा. पावसाळ्यात सूर्यातपावर भिस्त ठेवण्यात अर्थ नाही.

सातांपैकी वस्त्राची महती अलीकडे नव्याने सिद्ध झाली आहे. बांगलादेशात रिटा कोलवेल व सहकाऱ्यांनी जुनी सुती साडी अनेक पदरी करून पाणी गाळण्याचा प्रयोग गावोगावी केला. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार विषूचिकेचे प्रमाण ४८ टक्क्यांनी घटले. विषूचिकेचे जंतू पाण्यातील सूक्ष्म जीवांना चिकटून राहतात व ते जीव वस्त्रात अडकतात, हे त्याचे कारण. कामलेचा विषाणू मात्र वस्त्रातून सहज जातो. तांब्याच्या पात्राविषयीही असेच म्हणता येईल. बंगळूर येथील अभ्यासकांनी २०१२ मध्ये दाखविले की अतिसारकारक जंतू मुद्दाम मिसळलेले पाणी तांब्याच्या भांड्यात सोळा तास ठेवल्यास ते जंतू नष्ट होतात. ही गोष्ट आपल्या परंपरेस भूषणावह आहे, पण तो प्रयोग जंतूंवरचा आहे, विषाणूंवरचा नव्हे; आणि घरातील तांब्याच्या घागरीत ४८ लिटर पाणी मावत नाही.

वाळ्याची पुरचुंडी, तुळशीची पाने, खदिराचे तुकडे साठ्याच्या पाण्यात टाकण्याची प्रथा पुष्कळ घरी आहे आणि ती बहुधा आपल्यापैकीच कोणाच्या सांगण्यावरून पडलेली असते. वनस्पतिद्रव्य पाण्यात राहिले की क्लोरीन त्यावरच खर्च होतो आणि पाणी अरक्षित राहते. सुश्रुतांनीही पुष्पांचे अधिवासन सांगितले आहे ते जल शुद्ध केल्यानंतर. शुंठी, मुस्ता, वाळा जे घालावयाचे ते त्या दिवशी उकळताना घालावे.

साठविलेल्या पाण्यात डास होतात म्हणून महापालिकेचे कर्मचारी पिंपे ओतून देतात, अशी तक्रार ऐकू येते. त्यांचे म्हणणे खरे आहे. डेंग्यूचा डास स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो आणि सात ते दहा दिवसांत अंड्याचा डास होतो. घट्ट झाकणाच्या पात्रात मात्र त्याला प्रवेश नाही. उघडे राहणारे वापरावयाचे पिंप आठवड्यातून एकदा रिते करून, घासून, कोरडे करावे. पिण्याचा साठा त्या ‘कोरड्या दिवसा’तून वगळावा, झाकण मात्र तपासावे.

औषधालयचालकांसाठी दोन गोष्टी. क्लोरीनद्रव उष्णतेने व प्रकाशाने, आणि टीसीएल पावडर ओलाव्याने निकामी होत जाते. गेल्या पावसाळ्यातील उरलेल्या बाटल्या यंदा दर्शनी फळीवर मांडल्या, तर ग्राहक प्रमाणात थेंब घालील आणि तरीही पाणी असुरक्षित राहील. माल मृगाच्या आधी नवा भरावा, थंड व अंधाऱ्या जागी ठेवावा, उत्पादनाची तारीख पाहूनच विकावा. क्षारसंजीवनीची पाकिटेही याच सुमारास मागवावीत. पूर आल्यावर घाऊक बाजारातून माल आणणारा टेम्पो पोहोचत नाही.

ज्यांच्याकडे निर्माणशाळा आहे त्यांना परिशिष्ट ‘टी’ नुसार पिण्यायोग्य शुद्ध पाणीच वापरणे बंधनकारक आहे, हे ठाऊकच आहे. आसवारिष्टांच्या संधानासाठी क्वाथ करावयाचा तो आटविताना उकळतो, म्हणून काळजी नाही असे काहीजण मानतात. परंतु पात्रे धुणे, बाटल्या विसळणे आणि आसवांत न उकळता घातले जाणारे जल यांचे काय? पाणीपुरवठा बंद असण्याच्या दिवशी व त्यानंतरचे दोन दिवस नवे संधान लावू नये, बाटल्या भरण्याचे काम पुढे ढकलावे, आणि कामगारांच्या पिण्याचा साठा कारखान्याच्या टाकीपासून निराळा, तोटीच्या पिंपात ठेवावा.